डिस्टन्सने एम.ए. करताय? परत काय येतं ते आधी विचारा

“मान्यता आहे ना?” डिस्टन्सने एम.ए. किंवा एम.कॉम. करायचं म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि ‘आहे’ असं उत्तर मिळालं की फॉर्म भरून मोकळा होतो. कुणाचं बँकेत प्रमोशन अडलेलं असतं, कुणाला शाळेत वरची वेतनश्रेणी हवी असते, कुणाला मुलं मोठी झाल्यावर राहून गेलेलं शिक्षण पुरं करायचं असतं. पदवी चालेल की नाही ही धास्ती साहजिकच आहे. पण मान्यता असलेला कोर्स चांगला असेलच असं नाही, आणि चांगला कसा ओळखायचा हे कुणी सांगत नाही. माहितीपत्रकात तर सगळेच कोर्स उत्तम असतात.

मान्यतेचं आधी उरकून घेऊ.

२०१३ पर्यंत दूरशिक्षणाची देखरेख इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, छत्राखालची डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल करायची. आता ते काम यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोकडे आहे आणि नियम २०२० चे आहेत. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक मिळते. त्यामुळे “आमचं विद्यापीठ यूजीसी मान्य आहे” हे काउंटरवरचं वाक्य पुरेसं नाही. ब्यूरोच्या संकेतस्थळावरच्या यादीत तुमचा विषय, तुमचं शैक्षणिक वर्ष आणि तुमचं सत्र, म्हणजे जुलैचं की जानेवारीचं, तिन्ही सापडायला हवं. राज्य विद्यापीठाला किंवा खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर डिस्टन्सची केंद्रं उघडता येत नाहीत आणि फ्रँचायझी देणं तर मुळातच बंद आहे. म्हणजे अंधेरीत किंवा ठाण्यात दोन खोल्यांच्या क्लासमध्ये बसून परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची डिस्टन्सची ‘सीट’ विकणारा भेटला, तर फीची चौकशीही करू नका. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमांना मात्र ही हद्द लागू नाही.

काही विषय या मार्गाने घेताच येत नाहीत: इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा वगैरे. मुंबईत ज्याची चौकशी फार होते त्या मानसशास्त्राचंही दार बंद झालं आहे. आरोग्याशी जोडलेले काही विषय आणि मानसशास्त्र डिस्टन्स किंवा ऑनलाइन शिकवू नका, असं यूजीसीने ऑगस्ट २०२५ मध्ये संस्थांना कळवलं. बाकी मान्य अभ्यासक्रमाची पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरली जाते. त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर ते त्याचं मत. नियम तुमच्या बाजूने आहे. २०२२ पासून तर एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स अशा दोन पदव्या एकाच वेळी घेण्याचीही मुभा आहे.

आता ‘नॅक ए++’. नॅक म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय परिषद. मुक्त विद्यापीठ नसलेल्या संस्थेला डिस्टन्स चालवायचं तर नॅकचे ४ पैकी किमान ३.०१ गुण लागतात, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा लागते. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.६५ गुण मिळाले आणि ए++ श्रेणी मिळाली. ही श्रेणी अख्ख्या विद्यापीठाची आहे. त्यात प्रयोगशाळा आल्या, संशोधन आलं, कालिन्यातले रेग्युलर विभाग आले. तुम्ही रविवारी कुठल्या वर्गात बसणार आणि तुमची असाइनमेंट कोण वाचणार, हे त्या आकड्यात दिसत नाही. श्रेणी ही घराण्याची प्रतिष्ठा आहे. सोयरीक जुळवताना मुलगा स्वतः काय करतो हे वेगळं विचारावंच लागतं.

मग दर्जा बघायचा कुठे?

माझं उत्तर असं: संस्थेकडून तुमच्याकडे काय येतं हे बघू नका, तुम्ही काहीतरी पाठवल्यावर संस्थेकडून परत काय येतं ते बघा. पुस्तकं, पीडीएफ, व्हिडिओ, लॉगिन आयडी हे सगळं एका बाजूने ढकलणं आता कुणालाही जमतं. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. तेव्हा टपालाने छापील धडे जायचे. आज लिंक जाते. पाठवण्याचं माध्यम बदललं, पण पाठवणं हे कधीच अवघड नव्हतं. अवघड आहे ते विद्यार्थ्याचं लिहिलेलं वाचणं, तो कुठे अडकला हे ओळखणं आणि त्याला वेळेत उलट कळवणं. त्याला माणसं लागतात आणि माणसांना पगार द्यावा लागतो. म्हणून काटकसर सुरू होते ती इथूनच.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून हा मुद्दा मांडला. दूरशिक्षणातलं ‘दूर’ हे किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो, अभ्यासक्रम किती ताठर आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती चालू शकतो, यावर ते अंतर ठरतं. कालिना कॅम्पसच्या भिंतीला लागून राहणारा विद्यार्थी, ज्याला दोन वर्षांत एकाही उत्तरावर शेरा मिळाला नाही, तो दूर आहे. आणि गडचिरोलीतल्या एखादीला आठवड्याभरात तीन ओळींचं नेमकं उत्तर मिळत असेल तर ती जवळ आहे.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर हायर एज्युकेशन पॉलिसी या संस्थेने २००० साली इंटरनेटवरच्या दूरशिक्षणासाठी दर्जाचे निकष तपासले. ४५ निकषांपासून सुरुवात केली, प्रत्यक्ष संस्थांमध्ये जाऊन विचारलं आणि शेवटी २४ ठेवले. त्यातले दोन इथे नेमके लागू पडतात. एक, असाइनमेंटवर आणि प्रश्नांवर मिळणारा प्रतिसाद उपयोगी असावा आणि वेळेत मिळावा. दोन, विद्यार्थ्याने काम केव्हा द्यायचं आणि शिक्षकाने उत्तर केव्हा द्यायचं, हे दोघांनी आधी ठरवलेलं असावं. दुसऱ्या निकषाचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे सगळीकडे काटेकोर पाळतात. असाइनमेंटची शेवटची तारीख ठळक अक्षरांत असते, उशिराला दंडही असतो. शिक्षकाने किती दिवसांत उत्तर द्यायचं, ही तारीख मात्र शोधून बघा.

एक प्रश्न, दोन शेरे

एम.ए. अर्थशास्त्राची एकाच प्रश्नावरची दोन उत्तरं कल्पनेने समोर ठेवू. विषय, अनौपचारिक क्षेत्रातला रोजगार. पहिल्या वहीत आठ पानं, प्रत्येक पानाच्या समासात एक लाल टिक, शेवटी ‘१४/२०. चांगला प्रयत्न’ आणि सही. दुसऱ्या वहीला १२ गुण. पण तिच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय: “धारावीतल्या घरगुती उद्योगांचं उदाहरण योग्य. मात्र स्वयंरोजगार आणि नैमित्तिक मजुरी तुम्ही एकाच खात्यात टाकली आहे. सरकारी श्रमबळ सर्वेक्षणात हे दोन वेगळे मोजतात. तक्ता पुन्हा बघा.” आणि शेवटी: “हा निष्कर्ष आधीच्या पानांतून निघत नाही. कोणत्या आकड्यावरून म्हणता?”

बारा गुणवाली विद्यार्थिनी चिडेल. पण तिला शिक्षक मिळालाय. पदव्युत्तर पातळीवर शिकणं म्हणजे बरंचसं हेच असतं: आपण केलेलं विधान कशावर उभं आहे, हे कुणीतरी विचारणं. बी.ए.ला माहिती गोळा करून भागतं, एम.ए.ला ती वापरता यावी लागते आणि हे नुसत्या वाचनाने येत नाही.

मी काही वर्षं एका अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्क सत्रं, म्हणजे डिस्टन्सवाल्यांचे समोरासमोरचे वर्ग, घेतली आहेत, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. तपासणाऱ्याला वहीमागे मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो, गठ्ठे मोठे असतात आणि विद्यार्थीही अनेकदा कुठून तरी आणलेलं उत्तर उतरवून देतात. ‘सॉल्व्ह्ड असाइनमेंट’चा बाजार कुणापासून लपलेला नाही, आता चॅटबॉटही हाताशी आहे. उतरवलेलं उत्तर मनापासून तपासायचं कशाला, असं तपासणाऱ्याला वाटतं, आणि तपासलं जात नाही तर लिहायचं कशाला, असं विद्यार्थ्याला वाटतं. हे कोडं संस्थेनेच सोडवायचं असतं, आणि ते प्रश्न बदलून सुटतं. ‘नियोजनाची कार्ये स्पष्ट करा’ याचं उत्तर बाजारात तयार मिळतं. ‘तुम्ही काम करता त्या ठिकाणच्या एका निर्णयाचं उदाहरण घेऊन नियोजन कुठे फसलं ते लिहा’ याचं मिळत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांच्या असाइनमेंट मागून घ्या. वर्षानुवर्षं तेच प्रश्न असतील तर पुढचं विचारायची गरज नाही.

नियमांनुसार डिस्टन्समध्ये सत्रांती परीक्षेला किमान ७० टक्के आणि अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के वजन असतं. म्हणून अनेक जण असाइनमेंटला ‘फॉर्मॅलिटी’ समजतात. माझ्या हिशेबी हे उलटं आहे. परीक्षेचे ७० गुण तुम्ही किती शिकलात हे सांगतात. संस्थेने काय शिकवलं हे त्या ३० गुणांवरून कळतं. अर्थात तपासलेली वही परीक्षेच्या आधी हातात पडली तरच. निकालानंतर आलेला शेरा कितीही शहाणा असला तरी त्याचा काय उपयोग?

शिक्षकच हवा का?

प्रत्येकाला दर आठवड्याला शिक्षक हवा असतो, असंही नाही. कॅनडातले दूरशिक्षणाचे अभ्यासक टेरी अँडरसन यांनी २००३ मध्ये एक उपयोगी गोष्ट मांडली. शिकताना तीन प्रकारची देवाणघेवाण होते: अभ्याससाहित्याशी, शिक्षकाशी आणि सोबतच्या विद्यार्थ्यांशी. यातली एक जरी भक्कम असली तरी सखोल शिकणं होऊ शकतं, बाकीच्या दोन किरकोळ असल्या तरी चालतं. मर्यादित पैशात चालणाऱ्या संस्थांसाठी आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी ही चांगलीच बातमी आहे. कोर्स निवडताना तिन्ही आघाड्यांवर परिपूर्णता शोधू नका. एक तरी खरोखर मजबूत आहे का, ते बघा.

साहित्य मजबूत असणं म्हणजे काय? जाडजूड असणं नव्हे. चांगली स्वयंअध्ययनाची पुस्तिका पानापानावर थांबवते, प्रश्न विचारते, उत्तर लिहायला जागा सोडते आणि घटकाच्या शेवटी उत्तर देऊन ‘तुमचं असं आलं असेल तर अमुक भाग पुन्हा वाचा’ असं सांगते. म्हणजे तीही परत काहीतरी देते. गाइडसारखी पुस्तिका फक्त सांगत सुटते.

पुस्तिका ताजी आहे का हे दोन मिनिटांत कळतं. अर्थशास्त्राच्या पुस्तिकेत नियोजन आयोग अजून वर्तमानकाळात नांदत असेल, तर ती २०१५ च्या आधीची आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीला नीती आयोग आला. एम.कॉम.च्या अप्रत्यक्ष करांत विक्रीकर आणि सेवाकरच शिकवत असतील, तर ती १ जुलै २०१७ च्या, म्हणजे जीएसटीच्या आधीची. गुन्हेगारी न्यायव्यवस्थेवरचा घटक भारतीय दंड संहितेवरच थांबला असेल, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याची बातमी तिथे पोचलेली नाही. मुखपृष्ठावर नवीन वर्ष छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आत बघा.

सोबत्यांचं म्हणाल तर व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यांचेच असतात. त्यातले बरेचसे ‘हॉल तिकीट आलं का’ यावरच चालतात. एखाद्या ग्रुपवर विषयावर भांडण होत असेल, तर तो ग्रुप सोडू नका.

ग्रंथालयाचा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे आणि फार थोडे विचारतात. डिस्टन्सच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं कार्ड मिळतं का? घरून लॉगिन करून नियतकालिकं वाचता येतात का? लघुप्रबंध असेल तर मार्गदर्शक किती वेळा भेटतो? मुंबईकराचं एक बरं आहे. संस्थेने हात वर केले तरी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात एशियाटिक सोसायटी आहे, आणि देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण ती तुमची खटपट. तिचे गुण कोर्सला देऊ नका.

प्रश्नपत्रिका आणि निकालाचे आकडे

पाच वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका एका बैठकीत वाचा. मुंबईतल्याच उदाहरणाने फरक दाखवतो. ‘मागणीची लवचीकता म्हणजे काय? तिचे प्रकार सांगा’ हा एक प्रश्न. आता हा बघा: ‘बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान बसभाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलं आणि मे २०२५ मध्ये ते ५ वरून १० रुपये केलं. प्रवासीसंख्येवर याचा परिणाम तपासायला कोणती आकडेवारी लागेल? मधल्या काळातल्या कोणत्या घटना हिशेब बिघडवतील?’ दुसऱ्या प्रश्नाला पाठांतर पुरत नाही. कोविडची टाळेबंदी, मेट्रोच्या नव्या मार्गिका, बसगाड्यांची घटलेली संख्या, सगळं डोक्यात आणावं लागतं. सगळा पेपर असा हवा असं मी म्हणत नाही, पण पाच वर्षांत असा एकही प्रश्न नसेल तर ती एम.ए.ची परीक्षा कसली?

आता निकालाची टक्केवारी. इथे फसगत सर्वांत सोपी. समजा एका अभ्यासक्रमाला २०० जणांनी प्रवेश घेतला. फी भरल्यावर हळूहळू गळती झाली आणि अंतिम परीक्षेला ६० बसले. त्यातले ५४ पास झाले. संस्था म्हणते, निकाल ९० टक्के. खोटं काहीच नाही. पण २०० पैकी ५४ म्हणजे २७ टक्के. प्रवेश घेताना तुम्ही त्या २०० मधले असता, ६० मधले नव्हे.

हीच चूक मोठमोठ्या संशोधनातही झाली आहे. थॉमस रसेल यांनी १९२८ पासूनचे ३५५ अहवाल आणि लेख गोळा करून दाखवलं होतं, की दूरून शिकणारे आणि वर्गात शिकणारे यांच्या निकालांत फारसा फरक पडत नाही. दूरशिक्षणाच्या पाठीराख्यांना आयतं शस्त्र मिळालं. १९९९ मध्ये रोनाल्ड फिप्स आणि जेमी मेरिसोटिस यांनी अशा अभ्यासांची झडती घेतली, तेव्हा अनेकांत मधूनच सोडून गेलेले विद्यार्थी हिशेबातच नव्हते असं दिसलं. टिकून राहिलेल्यांची तुलना वर्गातल्यांशी केली तर बरोबरी दिसणारच.

अर्थात गळतीचा सगळा दोष संस्थेच्या माथी मारणंही बरोबर नाही. तिशी-चाळिशीतल्या विद्यार्थ्याची बदली होते, घरात आजारपण येतं, बाळंतपण येतं. रेग्युलर कॉलेजातल्या बाविशीच्या मुलाला यातलं क्वचितच काही असतं. म्हणून नेमका प्रश्न विचारायचा तो असा: पहिली असाइनमेंट न दिलेल्या विद्यार्थ्याला संस्थेकडून फोन किंवा मेसेज जातो का? गळतीची सुरुवात तिथेच दिसते आणि सावरायलाही तेव्हाच सोपं असतं. हा एक फोन करणारी संस्था विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवून आहे, असं खुशाल समजा.

निकाल लागायला किती दिवस लागतात, हाही दर्जाच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन् महिने रखडले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. तुमच्या अभ्यासक्रमाचे मागच्या चार सत्रांचे निकाल कोणत्या तारखांना लागले, ते संकेतस्थळावरच्या परिपत्रकांतून काढता येतं.

एक हिशेब तुमच्या बाजूचाही आहे, कारण सगळं संस्थेवर ढकलून चालत नाही. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. ८० क्रेडिटचं एम.ए. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला २३ तास होतात. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्याने हे तास कुठून काढायचे? फास्ट लोकलमध्ये पुस्तक उघडायचं तर आधी कोपर हलवायला जागा मिळायला हवी. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांत पुरा करायची मुभा आहे का, प्रत्येक जादा वर्षाची फी किती आणि मध्येच अभ्यासक्रम बदलला तर जुन्या विद्यार्थ्यांचं काय होतं, हे म्हणूनच आधी विचारायचं.

ही माहिती काउंटरवर मिळत नाही. प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र असणं नियमाने बंधनकारक आहे. त्याचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर सापडतो का ते बघा, पण त्याच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा संपर्क सत्र असलेल्या रविवारी अभ्यासकेंद्रावर जा. सत्राला किती जण आले ते पाहा आणि शिक्षक शिकवतोय की पुस्तिका वाचून दाखवतोय ते दारातून ऐका. सत्र सुटल्यावर दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना चहाला थांबवा. “कोर्स कसा आहे?” असं विचारलंत तर “ठीक आहे” असं उत्तर येईल, त्यातून काही कळत नाही. “शेवटची असाइनमेंट तपासून आली का? बघू?” असं विचारा. प्रवेशाच्या तारखा बहुतेक वेळा वाढतात, त्यामुळे एवढ्यासाठी एक रविवार गेला तरी फॉर्म भरायचा राहत नाही.